आधी कान

मामाचं तेरावं झालं त्या संध्याकाळी मामीने मला पोटमाळ्याकडे बोट दाखवलं. "त्याचं जे काय आहे ते तू घेऊन जा बाबा. भंगारवाला किलोवर तोलून नेईल, ते माझ्याच्याने बघवायचं नाही."

गिरगावातल्या त्या चाळीच्या खोलीत मी तीन खोकी खाली उतरवली. एका खोक्यात क्रिस्टल होते, सेटची कंपनसंख्या ठरवणारे क्वार्ट्झचे तुकडे. पत्र्याच्या चिमुकल्या डब्या, प्रत्येकीवर मामाच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. दुसऱ्यात सिग्नल जनरेटर, वॅटमीटर आणि डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी लावून सेटची शक्ती जिरवायची वस्तू. तिसऱ्यात, मामीच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला त्याचा सेट. राखाडी रंगाचा, मागे ॲल्युमिनियमच्या पन्हाळ्या असलेला, गुंडाळीच्या वायरीचा माइक लटकणारा, २५ वॅटचा वायरलेस सेट. मुळात तो कुणा कंपनीच्या गाडीत डॅशबोर्डखाली बसवलेला होता. कंपनीने गाड्या मोडीत काढल्या तेव्हा मामाने तो आणला, आतले क्रिस्टल बदलले, कॉइल नव्याने जुळवल्या आणि हॅम मंडळींच्या, म्हणजे छंद म्हणून परवान्याने वायरलेसवर बोलणाऱ्यांच्या, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणून ठेवला. मामाकडे हॅमचा परवाना होता. त्याच्याच आग्रहाने परीक्षा देऊन पुढे मीही घेतला.

घरी आणून मी सेटला बॅटरी जोडली. स्पीकरमधून खरखर आली. जागी, भरघोस खरखर. अँटेनाच्या जागी डमी लोड लावून माइकचं बटण दाबलं, आतून ओळखीचं 'टक्' आलं आणि वॅटमीटरचा काटा २२ वर जाऊन थांबला. म्हणजे तोंड शाबूत. मग गच्चीवरची अँटेना लावली आणि दादरच्या एका हॅम मित्राला फोन करून हाक मारायला सांगितलं. तो हाका मारत राहिला. सेटची खरखर तशीच चालू. त्याला माझं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. मला मात्र त्याचं काहीच येत नव्हतं.

सेट बोलत होता, पण बहिरा झाला होता.

* * *

लॅमिंग्टन रोडला आता पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरणारा कुणीही ते नाव घेत नाही. त्या रस्त्याच्या एका गल्लीत, लाकडी जिना चढून गेलं की पहिल्या मजल्यावर मामाचं वर्कशॉप होतं. १९९४ साली डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी तिथे जायला लागलो. सोल्डरिंगच्या राळेचा वास, पंखा, भिंतीला टेकवलेले उघडे सेट. बांधकामाच्या साइटवरचे, कारखान्यांच्या गाड्यांचे, आणि पावसाळ्यात होड्यांचे. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत. तीच त्यांच्या दुरुस्तीची सुगी. ससून डॉकहून, मढहून, वर्सोव्याहून तांडेल सेट बगलेत मारून यायचे. प्लास्टिकच्या पिशवीतून सेट काढला की खाऱ्या वाऱ्याचा वास यायचा आणि अँटेनाच्या सॉकेटवर हिरवा थर दिसायचा.

गिऱ्हाईकाचं मागणं बहुतेक वेळा एकच असायचं. "शेट, वॅट वाढवून द्या. लांब जात नाय आवाज."

मामा त्याला खुर्चीवर बसवून चहा मागवायचा आणि हिशेब समजावून सांगायचा. वॅट दुप्पट केले तर ऐकणाऱ्याच्या मीटरवर अर्धं घर वाढतं. एक अख्खं घर वाढवायचं तर वॅट चौपट करावे लागतात. समुद्रावर तर वॅटांपेक्षा अँटेनाची उंची मोठी. या लहरी जवळजवळ सरळ जातात, त्यामुळे पृथ्वीच्या गोलाईआड गेलेल्या होडीला त्या सापडत नाहीत. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१ ने गुणा. इतके किलोमीटर तिचं क्षितिज. ४ मीटर उंचीच्या अँटेनाला ८ किलोमीटर. तशाच दोन होड्या असतील तर मध्ये १६. तीच अँटेना डोलकाठीवर ९ मीटरला नेली की एकटीचं क्षितिज १२ च्या वर जातं, आणि त्याला वीज लागत नाही.

मग तो सेट उघडायचा, आणि मला म्हणायचा, "आधी कान बघ. तोंड काय, कधीही दुरुस्त होतं."

तेव्हा मला हे वाक्य कामाचा क्रम म्हणून कळलं होतं. त्याच्या मागचा आकडा बऱ्याच दिवसांनी समजला, आणि तो समजल्यावर या यंत्राकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

चांगल्या सेटला पाव मायक्रोव्होल्ट इतका सिग्नल अँटेनावर आला तरी बोलणं समजलं पाहिजे. अँटेनाच्या ५० ओहमांत पाव मायक्रोव्होल्ट म्हणजे किती शक्ती? एका वॅटचे एकावर पंधरा शून्यं इतके तुकडे करा. त्यातला सव्वा तुकडा. आणि हाच सेट, याच अँटेनातून, बोलायला लागला की २५ वॅट फेकतो. त्याच्या तोंडातून निघणारं आणि त्याच्या कानाला ऐकू येणारं यांचं गुणोत्तर २ वर सोळा शून्यं. त्याच्या स्वतःच्या आवाजाचा दहा लाखांतला एक भाग जरी गळून आत शिरला, तरी तो समोरच्याच्या कुजबुजीच्या दोन हजार कोटी पट भरेल. पहिला नाजूक ट्रान्झिस्टर त्यात जळूनही जाईल.

एकच अँटेना. त्यातूनच ओरडायचं आणि त्यातूनच ऐकायचं. दोन्ही बाजूंनी बोलता येणाऱ्या सेटची सगळी रचना या एका अडचणीभोवती उभी आहे: आपल्याच आवाजापासून आपला कान कसा वाचवायचा. म्हणून माइकला बटण. म्हणून वाक्याच्या शेवटी 'ओव्हर'. ही रीत शिष्टाचारातून आलेली नाही, त्या सोळा शून्यांतून आली आहे.

* * *

बहिरा सेट तपासायचा तर उलटं चालायचं असतं. सिग्नल अँटेनाकडून स्पीकरकडे येतो, आपण स्पीकरकडून अँटेनाकडे जायचं. जिथपर्यंत जिवंत आहे तिथपर्यंत मागे मागे सरकायचं, आणि जिथे मेलेलं सापडेल तिथे थांबायचं.

रात्री जेवणं झाल्यावर मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि सेटचं झाकण काढलं. सुरुवात व्हॉल्यूमच्या बटणापासून. त्याच्या मधल्या पायाला पेचकसचं टोक लावून दांड्याच्या लोखंडाला बोट टेकवलं. स्पीकर घुमला. घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर आपलं शरीर सतत गोळा करत असतं, तीच बोटातून आत गेली. आवाज मोठा करणारा भाग ठीक.

त्याच्या मागे स्क्वेल्च. वायरलेसमधल्या सगळ्या सर्किटांत मला हे सर्वांत आवडतं, म्हणून इथे जरा थांबतो.

कुणी बोलत नसताना या सेटमध्ये खरखर असते. ती बाहेरून येत नाही म्हटलं तरी चालेल. या पट्ट्यात तिचा मोठा वाटा सेटच्या स्वतःच्या पहिल्या ट्रान्झिस्टरचा असतो. उष्णतेने हलणारे इलेक्ट्रॉन, आणि त्यांची ती गडबड पुढे कोट्यवधी पटींनी वाढवलेली. दिवसभर ती ऐकत बसणं अशक्य, म्हणून कुणी बोललं तरच स्पीकर उघडायचा. पण कुणी बोलतंय हे सेटने ओळखायचं कसं? मला वाटायचं, तो आवाज शोधत असेल. मामाने कागदावर रेघ मारून दाखवलं. माणसाचं बोलणं या सेटमध्ये ३००० हर्ट्झच्या आत बसवलेलं असतं. खरखर त्याच्या पुष्कळ वरपर्यंत पसरलेली असते. स्क्वेल्चचं सर्किट त्या वरच्या भागातली नुसती खरखर उचलतं, तिच्यापासून व्होल्टेज बनवतं, आणि त्या व्होल्टेजने स्पीकरचं दार धरून ठेवतं. समोरून सिग्नल आला की रिसीव्हर त्याला धरतो, खरखर दबते, दार धरणारा हात सुटतो आणि स्पीकर उघडतो. हे सर्किट आवाजाची वाट बघत नाही. खरखर कधी थांबते याची वाट बघतं.

याचाच दुसरा अर्थ असा, की सिग्नल इतका अशक्त असेल की खरखर पुरती दबत नाही, तर दार उघडत नाही. माणूस बोलत असतो, सेटच्या आत त्याचा आवाज आलेलाही असतो, पण दार बंद.

२६ जुलै २००५ ला मी वर्कशॉपमध्येच होतो. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. आमच्या गल्लीत लोक छत्र्या घेऊन भाजी आणत होते आणि उपनगरात माणसं गळ्याएवढ्या पाण्यात होती, हे आम्हाला दुपारी उशिरापर्यंत कळलंही नाही. लोकल बंद पडल्या. माझे आईबाबा सांताक्रूझजवळ कलिन्याला. मोबाइल लागेना. मी मामाच्या घरी गेलो. त्याने हाच सेट बॅटरीवर चालू केला होता आणि स्क्वेल्चचं बटण पूर्ण डावीकडे फिरवून ठेवलं होतं. दार सताड उघडं. खोलीभर नुसती खरखर.

"बंद कर ना ते, डोकं उठलंय," मामी म्हणाली. ती असं सहसा बोलत नसे.

"बंद केलं तर बारीक बोलणारा मरेल," मामा म्हणाला.

तो रात्रभर त्या खरखरीपाशी बसला. मोबाइलला मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज लागते, आणि एकाच वेळी सगळं शहर फोन लावू लागलं की वाट उरत नाही. या सेटला मधे कुणी लागत नाही. एक बॅटरी इकडे, एक तिकडे. हॅम मंडळींनी त्या दिवसांत असे पुष्कळ निरोप पोचवले. पहाटे तीनच्या सुमाराला खरखरीच्या आतून काहीतरी आलं. खरखर कमी झाली नव्हती, तिच्यात फक्त एक लय आली होती, वाळूखालून कुणी बोलावं तशी. मामाने हात वर केला. तिकडचा माणूस हातातल्या छोट्या सेटवरून, इमारतींच्या गर्दीतून बोलत होता. एकेक नाव तीनतीनदा सांगत होता. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर अडकलेली, सुखरूप असलेली माणसं. मामाने कालनिर्णयच्या पानामागे अकरा नावं लिहिली, दोन नावांपुढे प्रश्नचिन्ह. सकाळी त्याने आपल्या चालू असलेल्या घरच्या फोनवरून एकेका घरी निरोप दिला. प्रश्नचिन्हांची दोन्ही घरंही त्याने शोधून काढली.

माझ्या आईबाबांची खबर मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालत कलिन्याला पोचल्यावरच लागली. दोघं ठीक होते. पण त्या रात्री स्क्वेल्चचं दार बंद असतं तर ती अकरा नावं आमच्या खोलीत येऊनही आम्हाला कळली नसती, हे मी विसरलेलो नाही.

* * *

तर स्क्वेल्च ठीक होता. बटण फिरवलं की खरखर बंद होत होती, चालू होत होती.

त्याच्या मागे ३३६१ नावाची आयसी. वायरलेस दुरुस्त करणाऱ्या माझ्या पिढीतल्या कुणालाही हा आकडा सांगा, चेहरा उजळेल. सोळा पायांच्या या काळ्या चिपमध्ये अर्ध्याहून जास्त रिसीव्हर मावतो. तिच्यातलं एक काम लिमिटरचं. एफएममध्ये बोलणं लहरीच्या उंचीत नसतं, तिच्या कंपनसंख्येच्या पुढेमागे होण्यात असतं. मग उंचीची गरजच काय? लिमिटर सगळ्या लहरींचे शेंडे सपाट छाटतो. विजेचा कडकडाट, गाडीच्या प्लगची ठिणगी, जे जे उंचीत गडबड करतं ते त्या छाटणीत बहुतेक निघून जातं. मागे उरतं ते फक्त पुढेमागे होणं, आणि डिस्क्रिमिनेटरची कॉइल त्याचं पुन्हा आवाजात रूपांतर करते. ती कॉइल जुळवायला लोखंडी पेचकस चालत नाही. तो जवळ आला की जुळणीच सरकते आणि आतला फेराइटचा नाजूक गाभा तडकतो. मामीच्या विणकामाची प्लास्टिकची सुई घासून मामाने त्यासाठी हत्यार बनवलं होतं. ते मला खोक्यात तळाशी सापडलं.

सिग्नल जनरेटर ४५५ किलोहर्ट्झला लावून आयसीच्या पायाशी सिग्नल दिला. खरखर गेली, सूर आला. इथपर्यंत जिवंत.

मागे सरकून १०.७ मेगाहर्ट्झ. क्रिस्टल फिल्टरच्या तोंडाशी सिग्नल दिला. सूर आला.

आता हे ४५५ आणि १०.७ आले कुठून, हे सांगायला हवं. १४५ मेगाहर्ट्झवर येणाऱ्या सिग्नलला त्याच कंपनसंख्येवर कोट्यवधी पटींनी वाढवणं धोक्याचं. वाढलेला सिग्नल गळून परत तोंडाशी येतो आणि सर्किट स्वतःशीच शिट्टी मारत बसतं. शिवाय शेजारचं चॅनल अवघं २५ किलोहर्ट्झवर. १४५ मेगाहर्ट्झवर इतकी अरुंद चाळणी बनवणं फार कठीण. त्यावर उपाय असा, की सेटच्या आतच एक दुसरी लहर तयार करायची, १३४.३ मेगाहर्ट्झची, आणि दोघींना मिक्सरमध्ये भिडवायचं. तंबोऱ्याच्या दोन तारा अगदी किंचित वेगळ्या लागल्या की दोघींच्या फरकाइतकी एक तिसरी हेलकावणारी गती ऐकू येते. मिक्सर त्याच घराण्यातला, पण त्याला नुसती बेरीज पुरत नाही, दोन लहरींचा गुणाकार व्हावा लागतो. त्यातून फरक बाहेर पडतो: १४५ वजा १३४.३, म्हणजे १०.७. बोलणं त्या नव्या लहरीवर जसंच्या तसं बसलेलं. चॅनल कुठलंही असो, आतली लहर बदलायची आणि फरक १०.७ च ठेवायचा. मग चाळणी एकदाच, क्वार्ट्झच्या स्फटिकाची, त्या एका आकड्यासाठी घासून बनवायची. पुढे १०.२४५ शी पुन्हा भिडवून ४५५ किलोहर्ट्झ.

ही कल्पना एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन माणसाची, १९१८ सालची. पहिल्या महायुद्धात तो सैन्यातर्फे पॅरिसमध्ये होता. १९३३ साली त्यालाच एफएमचे पेटंट मिळाले. म्हणजे माझ्या टेबलावर उघड्या पडलेल्या या डब्यातल्या दोन्ही मोठ्या कल्पना एकाच डोक्यातल्या. त्या हक्कांसाठी त्याला वर्षानुवर्षं कोर्टकज्जे करावे लागले, आणि १९५४ साली त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. पुढे त्याच्या बायकोने, मॅरियनने, ते दावे चालू ठेवले आणि १९६७ पर्यंत झगडून जिंकले. मामा ही गोष्ट सांगायचा तेव्हा आर्मस्ट्राँगबद्दल थोडं बोलायचा आणि मॅरियनबद्दल जास्त. मलाही आता तिचाच भाग जास्त आठवतो.

मिक्सरची एक अडचण मात्र राहते. १३४.३ शी १०.७ चा फरक असलेली आणखी एक कंपनसंख्या आहे, खालच्या बाजूची: १२३.६. मिक्सरला दोन्ही सारख्याच. आणि १२३.६ पडते ती विमानांच्या बोलण्याच्या पट्ट्यात, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या. मुंबईसारख्या शहरात डोक्यावरून सतत विमानं जातात, तिथे ही फट उघडी ठेवून चालणार नाही. विमानांचं बोलणं एएमवर, म्हणजे लहरीच्या उंचीत असतं, त्यामुळे लिमिटरनंतर ते नीट समजणार नाही, पण त्यांची लहर खरखर दाबेल, दार उघडेल आणि आपल्या माणसाला झाकून टाकेल. म्हणून मिक्सरच्या आधी तीनचार कॉइलची रांग असते. तिचं काम १४५ च्या आसपासचं तेवढं आत घ्यायचं आणि १२३.६ ला दारातच थोपवायचं. होडीवरून आलेल्या सेटमध्ये या कॉइलच्या डब्यांत मीठ शिरलेलं असलं की ही रांग ढिली पडायची. मी दोन पावसाळे फक्त त्याच साफ करत होतो.

त्या रांगेच्या पहिल्या कॉइलला मी १४५ चा सिग्नल दिला, अगदी बारीक करत नेला. पाव मायक्रोव्होल्टच्या आसपास आला तरी सूर खरखरीतून वर दिसत होता.

म्हणजे अख्खा रिसीव्हर ठणठणीत. तीस वर्षांहून जुना कान, आणि नव्यासारखा.

तोच सिग्नल अँटेनाच्या सॉकेटला दिला. काही नाही. हजार पट वाढवला, तेव्हा कुठे पुसटसा सूर आला.

सॉकेट आणि ती पहिली कॉइल यांच्यामध्ये एकच वस्तू असते. रिले.

* * *

बटण दाबल्यावर येणारं 'टक्' या रिलेचं. विजेच्या वेटोळ्याने एक लोखंडी पट्टी खेचली जाते आणि अँटेना रिसीव्हरपासून तुटून ट्रान्समिटरला जोडली जाते. त्याच क्षणी रिसीव्हरची वीजही तोडली जाते. मग माइकमधला आवाज १२.०८३३ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला किंचित हलवतो, ती लहर टप्प्याटप्प्याने बारापट होऊन १४५ ला पोचते, हलणंही बारापट होतं, आणि शेवटचा ट्रान्झिस्टर तिला २५ वॅटपर्यंत नेतो. बॅटरीतून पाचेक अँपिअर खेचले जातात, त्यातली निम्म्याहून जास्त वीज मागच्या पन्हाळ्यांतून उष्णता होऊन जाते. शेवटी एक गाळणी, दुप्पट-तिप्पट कंपनसंख्येचा कचरा बाहेर जाऊ नये म्हणून. बटण सोडलं की पट्टी पुन्हा कानाकडे. 'टक्'.

नव्या सेटमध्ये ही पट्टी नसते. तिथे डायोड असतात आणि पाव लहरीची एक वाट. बोलताना रिसीव्हरच्या दाराशी असलेला डायोड ते दार जमिनीला जोडून टाकतो, आणि पाव लहर अंतरावरून बघणाऱ्या ट्रान्समिटरला तिथे काही जोडलेलंच नाही असं दिसतं. १४५ मेगाहर्ट्झला पाव लहर म्हणजे अर्धा मीटरहून किंचित जास्त. ती दोनतीन कॉइल-कपॅसिटरांत गुंडाळून नखाएवढ्या जागेत बसवतात. मला ती युक्ती सुंदर वाटते, आणि तिच्यात झिजण्यासारखं काही नाही. पण ती मुकी आहे. रिलेचं 'टक्' कानाला सांगायचं, की आता तू ऐकत नाहीस.

हे कळणं किती मोलाचं आहे, ते एका पावसाळ्यानंतरच्या सकाळी समजलं. मढचे एक तांडेल आमच्याकडे आले, हातात सेट, चेहरा उतरलेला. त्यांच्या माइकच्या बटणात मीठ साचून ते दाबलेलंच अडकलं होतं. रात्रभर त्यांचा सेट बोलत राहिला. इंजिनाची धडधड, खलाशांच्या गप्पा, कुणाचं खोकणं, सगळं त्या चॅनलवर. एफएममध्ये दोघे एकदम बोलले तर ताकदवान सिग्नल दुसऱ्याला पुसून टाकतो. आसपासच्या होड्यांना एकमेकांचं काही ऐकू येईना. एका होडीचं जाळं पंख्यात अडकलं होतं, ते लोक मदत मागत राहिले. सगळे ओरडून तांडेलांना सांगत होते, नाखवा, बटण सोडा. आणि त्या एकट्यांनाच ते ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यांचा कान त्यांच्याच बटणाने तोडला होता. त्यांना वाटलं, आज चॅनल किती शांत आहे.

ती होडी उजाडता सुखरूप आली. तांडेल मात्र मामासमोर बसून बराच वेळ काही बोलले नाहीत. मामाने पैसे घेतले नाहीत. त्याने ते बटण बदललं, आणि सेट बोलत असताना पेटणारा लाल दिवा बाहेर काढून, तांडेलांच्या नजरेसमोर येईल असा मोठा बसवून दिला.

* * *

मी रिलेचं पारदर्शक टोपण काढलं. बोलण्याच्या बाजूचा संपर्कबिंदू चकचकीत होता. ऐकण्याच्या बाजूचा काळवंडलेला.

मामाने हे मला पहिल्याच वर्षी दाखवलं होतं, आणि मी ते विसरून गेलो होतो. बोलण्याच्या बाजूने २५ वॅट जातात. धातूवर धरलेला गंजाचा पातळ पापुद्रा त्या ताकदीने जळून जातो, बिंदू आपोआप साफ राहतो. ऐकण्याच्या बाजूने जातो तो सव्वा तुकडा. त्याच्यात कशालाही जाळायची ताकद नाही. पापुद्रा धरतो, जाड होतो, आणि एक दिवस ती कुजबूज त्याच्या पलीकडेच थांबते. सेट वापरात असो वा पोटमाळ्यावर, कानाची बाजू आधी जाते. कान आधी बघायचा तो यासाठीही.

शेवटची तीनेक वर्षं मामाला सेट लावणं जमत नव्हतं. त्याआधी तो एकदा मला फोनवर म्हणाला होता, "हल्ली पट्ट्यावर कुणी येत नाही रे." मी म्हटलं होतं, सगळे मोबाइलवर गेले मामा. त्याला ते पटलं होतं. आता तो काळा बिंदू बघताना माझ्या लक्षात आलं, की माणसं कदाचित येत होती. हाका मारतही असतील त्याला. मी एकदा जाऊन झाकण उघडायला हवं होतं. ग्रँट रोडला मी तेव्हाही महिन्यातून दोनदा जात होतो.

पॉलिश पेपर लावायचा नाही, मुलामा निघतो. जाड, कोऱ्या कागदाची पट्टी कापायची, स्पिरिटचा थेंब टाकायचा, दोन बिंदूंमध्ये सरकवून पट्टी हलक्या बोटाने दाबायची आणि कागद ओढून घ्यायचा. पहिल्या कागदावर काळी रेघ आली. दुसऱ्यावर राखाडी. सातवा कागद कोरा निघाला. मग कोरड्या कागदाने दोनदा.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मित्राला फोन केला, तो जागाच होता. अँटेना लावली. स्क्वेल्च पूर्ण डावीकडे फिरवला. खोलीभर खरखर झाली. आतून बायकोने विचारलं, "झालं का?"

मी हात वर केला.

खरखर एकदम गेली. तिकडे त्याने बटण दाबलं होतं. तो अजून बोलला नव्हता. बोलण्याआधी त्याने घेतलेला श्वास मला ऐकू आला.